रोज सकाळचा नवरदेव

...नाही नाही, फेटा बघून हसू नका, लग्न नाही माझं, लग्न कधीच झालंय, पोरगी आठवीत आहे माझी... मला रस्ता ओलांडायचाय हो, फक्त रस्ता!

आता तुम्ही म्हणाल, हितेंद्रभाऊ, रस्ता ओलांडायला फेटा कशाला? बरोबर आहे. मी पण शहाणा होतो तेव्हा असंच म्हणायचो. पण तुम्हाला सांगतो, आमची कॉलनी हायवेच्या या बाजूला आणि बाकीचं अख्खं जळगाव त्या बाजूला. शाळा तिकडं, दवाखाना तिकडं, दूध तिकडं, दळण तिकडं, इकडं काय, तर आम्ही! प्लॉट विकताना तो माणूस छाती फुगवून सांगत होता, 'साहेब, हायवेला लागून आहे.' आहे ना लागून, नाही कुठं म्हणतो मी? शेजारचे जीवरामआबा दुधाची बरणी घेऊन गेले ते मांडीत सळई घालून परत आले. पांढरे पट्टे नाहीत, गतिरोधक नाही, सायकलीला जागा नाही, पायी माणसाला कडेची हातभर माती, आणि त्या मातीवर रसवंतीची गाडी. केळीचे ट्रक काय, कापसाच्या गाड्या काय, वाळूचे डंपर काय... सगळ्यांना घाई, आणि आम्हाला रस्ता ओलांडायचाय हो, फक्त रस्ता!

त्यात आमच्या प्राचीला सायकलवर शाळेत जायचं. दिली घेऊन. आणि शाळा सुरू होते न होते तोच एक डंपर तिच्या मागच्या चाकाला घासून गेला. चाकाचा पापड, डबा रस्त्यावर, पोरगी मातीत... आणि तो थांबलासुद्धा नाही. मी धावत गेलो, तिला उचललं, डबा उचलला, परत तिलाच उचलायला लागलो, तर तीच मला म्हणाली, 'पप्पा, तुम्ही आधी खाली बसा.' खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. चाक नवं टाकलं, पण भीती काही जाईना. ती निघाली की मी दारात उभा, ती परत दिसली की मगच आत. आमच्या रूपालीने तर सरळ सांगितलं, एक तर तो रस्ता सरळ करा, नाहीतर पोरीची शाळा बंद.

रस्ता सरळ करा! मी काय करू, इस्त्री? गेलो ऑफिसात. ते म्हणाले, रस्ता आमचा नाही. दुसऱ्या ऑफिसात गेलो, ते म्हणाले, रस्ता आमचा आहे पण कडा आमच्या नाहीत. तिसरीकडं एक भला माणूस भेटला, तो म्हणाला, पाहणी होईल. कधी होईल? 'होईल ना काका.' अहो, तोवर आम्ही काय करायचं? उडायचं?

एक दिवस असेच उभे आम्ही बापलेक, सायकल धरून. शाळेची वेळ टळली, ट्रकमागून ट्रक, फट म्हणून सापडेना... आणि मागून आली वरात. बँड, घोडा, नाचणारी पोरं, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया, सगळा लवाजमा सरळ हायवेवर. आणि काय सांगू तुम्हाला, हायवे थांबला! डंपर थांबला, बस थांबली, बसवाल्याने इंजिन बंद करून खिडकीत कोपर टेकवलं, एक ट्रकवाला तर उतरून दोन गिरक्या मारून गेला. आपल्या खानदेशात बँड वाजला की रागावतं कोण? आम्ही सायकलीसकट घुसलो गर्दीत आणि नाचत नाचत पलीकडं. पोरीच्या केसालाही धक्का नाही. मी तिथंच रडलो हो. माणूस मेला तरी चालेल पण वरात खोळंबू नये, असं हे गाव, आणि मी वेडा अर्ज करत फिरून राहिलो होतो!

आमच्याच गल्लीत अमृत राहतो, बँडमध्ये पिपाणी वाजवतो. सकाळी घरात सराव करायचा म्हणून सगळी कॉलनी त्याच्या नावानं ओरडायची. त्याला म्हटलं, बाबा रे, हायवेवर कर सराव. दुसऱ्या दिवशी अमृत पुढं, मागं ढोलकीवाला, त्यामागं कॉलनीतली सगळी शाळेची पोरं, सायकली, जीवरामआबा काठी टेकत. पहिला ट्रक थांबला. ड्रायव्हर धुळ्याकडचा, खाली डोकावून बघतो, परत बघतो, मला विचारतो, 'भाऊ, बठ्ठं शे, पण नवरदेव कोठे शे?' म्हणजे सगळं आहे, पण नवरदेव कुठंय? मी म्हटलं, नवरदेव नाही. तर म्हणे, 'मंग कशाले थांबू?' आणि टाकला गिअर! पोरं कशीबशी मागं ओढली.

आता नवरदेव कुठून आणायचा? आमच्या कॉलनीतला समाधान आहे, बिनलग्नाचा आहे, उंच आहे, घातला फेटा तर शोभेल. पण त्याची आई लिलाबाई दारातच आडवी झाली. म्हणाली, 'आधीच माझ्या पोराचं कुठी जमून नाही राहिलं, त्यात तुम्ही त्याला रोज मिरवा, म्हणजे पोरीवाले म्हणतील याचं तर रोजच होतं!' एकेक करत बाकीची बिनलग्नाची पोरंही पांगली. उरला कोण? ज्याची पोरगी आहे तो.

झालो नवरदेव. फेटा, हार, हातात नारळ. रूपाली म्हणाली, आपल्या लग्नात तर एवढे नटला नव्हतात. सकाळी निघतो, संध्याकाळी शाळा सुटली की परत निघतो, आणि परत येताना नवरी नसते ना बरोबर, तर ट्रकवाले हळहळतात, 'नही भेटनी का भाऊ?' कोणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत बोदवडला सासऱ्यांच्या मोबाइलवर. फोन आला. रडवेला आवाज, 'जावईबापू, आमच्या पोरीचं काय चुकलं?' काय सांगू त्यांना? मामा, मला रस्ता ओलांडायचाय हो, फक्त रस्ता!

आणि एक दिवस खरंच पाहणी आली! ऑफिसातून निरोप, उद्या सकाळी इंजिनिअर साहेब येणार. साहेब येणार म्हटल्यावर आपल्या लोकांना काय सुचतं? स्वागत! अमृतने पहूरहून आणखी बँडवाले बोलावले, लिलाबाईने आरतीचं ताट आणलं, साहेबांना शाल, नारळ, ओवाळणी, आणि मग वरात अशी काढली म्हणता, अशी काढली की माझ्या खऱ्या लग्नात निघाली नसेल. दोन्हीकडची वाहनं चिडीचूप. पोरं रांगेत, सायकली रांगेत, जीवरामआबा मधोमध थांबून कपाळाचा घाम पुसून राहिले. साहेब सगळं बघत होते, मान हलवत होते. मला वाटलं, झालं आपलं काम.

साहेब जवळ आले. म्हणाले, 'फार छान. इथं तर सगळी वाहनं थांबतात. पायी माणसं सुरक्षित, सायकली सुरक्षित. गतिरोधकाची गरज दिसत नाही.'

मी हातच जोडले. म्हटलं, साहेब, ही वाहनं रस्त्यासाठी नाही थांबत, माझ्यासाठी थांबतात, मी नवरदेव आहे म्हणून थांबतात! साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, 'मग तुम्ही राहा ना,' आणि गाडीत बसले. बँडवाल्यांनी त्यांनाही वाजवत हायवेपलीकडं सोडलं.

घरी येऊन कपाळाला हात लावून बसलो. प्राचीला म्हटलं, दहावीपर्यंत कळ काढतो बेटा. ती म्हणाली, पप्पा, कॉलेज पण तिकडंच आहे.

म्हणजे हिशेब सरळ आहे. तिच्या लग्नाची वरात आमच्या दारात येईस्तोवर माझी रोज निघणार... चला, अमृत बोलवून राहिला, जरा फेटा नीट आहे का बघता?