सरका न जरा, वाघभाऊ!

…नाई, पण मी म्हणतो, बल्लारपूरले काय झाडं नाईत का? कुलदीपच्या घरासमोरच कडूनिंब हाये, त्याच्यावर पाखरं हायेत, संध्याकाळी एक गाय येऊन उभी राह्यते… झाला न निसर्ग! अजून काय पायजे माणसाले? पण नाई! त्याच्या बायकोले, संघप्रियाले, खरा निसर्ग पायजे होता. "पोट्टे दिवसभर टीव्हीसमोर बसून राह्यले. आता पळस फुलला असन, मोह पडून राह्यला असन. रविवारी आशामावशीच्या गावाले जाऊ, पोट्ट्यायले निसर्ग दाखवू!"

घ्या निसर्ग!

तुमाले सांगतो, हा कुलदीप म्हणजे आमचा शेजारी. कारखान्यात पाळीवर जाते, उंचापुरा गडी, मिशा अशा का लहान पोरगं पाहूनच रडन. पण जिवाचा एवढा भेकड, एवढा भेकड… घरात पाल निघाली तं हा पलंगावर अन् संघप्रिया झाडू घेऊन खालतं! अन् हा माणूस कुठी चालला? पोंभुर्ण्याकडच्या जंगलात, मोहाच्या दिवसात! बरं, नाई म्हणाची सोय नाई. नाई म्हटलं तं भेला म्हणतीन.

तं निघाले. गाडीत मांगं पोरगी दिव्यानी, पहिलीत हाये, नवीनच वाचाले शिकली. तिच्या बाजूले रोशन, तीन वर्षाचा, हाताले जे लागन ते दाबून पाहाचं, हेच त्याचं काम. जंगल सुरू झालं अन् पोरगी पाट्या वाचाले लागली, मोठ्यानं, अक्षर अक्षर लावून. "सा-व-धा-न. वा-घा-चा वा-व-र. पप्पा, वावर म्हणजे शेत न? इथी वाघाचं शेत हाये?"

"हाव बेटा," कुलदीप म्हणते, "वाघाचंच शेत हाये. अन् आपण त्यात घुसून राह्यलो."

पळस काय फुलला होता म्हणता! सारं जंगल पेटल्यावानी. संघप्रिया म्हणते, "पाहा न, किती लाल!" याले तं लाल रंगाचंच भेव वाटून राह्यलं होतं. काच वर, दुसरी काच वर, अन् घामानं अंघोळ.

गावात आशाबाई तयारच होती. ही संघप्रियाची मावशी, बोलाले लागली का श्वास घ्यायलेबी थांबत नाई. "आले का जावईबापू! बसा, पाणी घ्या, चहा मंग घेऊ, आधी मोहाले जाऊ, ऊन चढलं का फुलं वाळतेत, पोट्ट्यायले घ्या, माहं डालगं घ्या…"

कुलदीपनं हळूच इचारलं, "मावशी, तिकडं… वाघ-बिघ?"

"छ्या! वाघ काय रोज येते का?"

याच्या जिवात जीव आला.

"मंगळवारी आला होता."

घ्या निसर्ग!

आता गाडी जंगलाच्या कच्च्या रस्त्यावर उभी केली अन् मोहाचं झाड तिथून हाक मारली तं ऐकू येईन एवढ्याच अंतरावर. खालतं पिवळ्या फुलायचा सडा, गोड वास… पोट्टे खुश! रोशन एक फूल डालग्यात अन् दोन तोंडात. दिव्यानी फुलं वेचता वेचता गाणे म्हणून राह्यली. संघप्रियाचा चेहरा असा फुललेला, लग्नानंतर पहिल्यांदाच. अन् कुलदीप? कुलदीप फुलं वेचतच नव्हता. तो झाडाले पाठ लावून उभा, पान हाललं का "कोण हाये?" अरे, वाघ काय सांगन का, मी हावो म्हणून?

शेवटी जेवाची वेळ झाली. अन् इथी या माणसाले अक्कल सुचली. म्हणते, "पोट्टे उघड्यावर जेवणार नाईत. गाडीत बसून जेवतीन." नेऊन बसवलं दोघायले, हाती पोळीचे रोल दिले, गाडी सुरू ठेवली थंडाव्यासाठी, अन् दिव्यानीले बजावलं, "दार उघडाचं नाई. कोणी म्हटलं तरी उघडाचं नाई. मी म्हटलं तरी नाई!"

अन् हा परत आला झाडाखालतं, डालगं उचलू लागाले.

मंग मांगून आवाज आला… टक्क! रोशननं लॉक दाबलं. कुलदीपनं वळून पाह्यलं, तं पोरानं पुढं येऊन चाबी फिरवून काढली, गाडी बंद, अन् चाबी त्याच्या हातातून खालतं कुठीतरी सीटखाली! बाहेर ऊन कसं? मार्चचं म्हणावं तं म्हणा, चंद्रपूर जिल्ह्यातलं ऊन हाये ते. अन् काचा साऱ्या याच माणसानं वर केलेल्या, सकाळपासून!

कुलदीप धावणारच होता. तेवढ्यात झाडावरचं वांदर ओरडलं. खॉक! खॉक!

अन् आशाबाई चूप झाली.

तुमाले सांगतो, वांदराच्या ओरडण्यानं नाई, पण या बाईच्या चूप होण्यानं कुलदीप जागीच थांबला. सकाळपासून जिचं तोंड एक घडी बंद नव्हतं, ती बाई दगडावानी उभी, अन् तिनं संघप्रियाचं मनगट असं धरलं का बांगडी फुटली.

नाल्याकडच्या झुडपातून तो निघाला. घाई नाई, गडबड नाई. रस्त्यावर आला, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, गाडीची सावली पसंत पडली असन, तं गाडीले टेकून बसून गेला. वाघ! आतमंधी लेकरं, बाहेर वाघ, मधात एक काच!

संघप्रिया धावाले निघाली तं आशाबाई कानात म्हणते, "धावू नोको. धावली का संपलं."

अन् काचेमागं रोशनचं तोंड दिसलं. लालभडक, घामानं डबडबलेलं, तोंड उघडं… रडून राह्यला होता, पण काच बंद, आवाजच नाई येत! लेकरू रडते अन् आवाज येत नाई, हे कधी पाह्यलं का तुमी? पाहू नोका. दिव्यानी त्याच्या तोंडावर फ्रॉकनं वारा घालून राह्यली होती. मंग तिचाबी हात हळू हळू मंदावला.

आता सांगा, पालीले भेणारा माणूस. काय करन?

यानं स्टीलचा डबा उचलला, अन् चमचा. अन् निघाला. बायको मांगून "अहो, अहो" करून राह्यली, याले ऐकूच येईना. डबा वाजवते, एक पाऊल टाकते, अजून वाजवते. भाजी सारी अंगावर. अन् तोंडातून निघते काय? शिवी नाई, आरोळी नाई… "ओ भाऊ! वाघभाऊ! सरका न जरा! माहे लेकरं हायेत आतमंधी!"

वाघानं मान वळवली. उठला. तुमाले सांगतो, टीव्हीवर वाघ उठते न, तसा नाई उठत तो. तो उठतच राह्यते, उठतच राह्यते… संपतच नाई. अन् मंग तो गुरगुरला. तो आवाज कानात नाई येत, छातीत येते.

लोक म्हणते, कुलदीप तिथून हालला नाई, काय हिंमत! हिंमत कायची, टोंगळ्यातून पायच जाम झाले होते! पण हात चालू होता. टण टण टण. अन् रडून राह्यला होता, मिशायवरून पाणी, "दोनच हायेत हो भाऊ, लहान हायेत हो…"

वाघानं याले वरून खालपर्यंत पाह्यलं. मंग रस्ता ओलांडला, अन् पलीकडच्या बांबूत गेला. बस. गेला.

कुलदीप गाडीवर जाऊन आदळला. "दिव्यानी! दार उघड बेटा!"

पोरगी आतून मान हालवते. नाई!

"अवो, मी पप्पा!"

दाराच्या फटीतून बारीक आवाज आला, "तुमीच म्हटलं, मी म्हटलं तरी नाई."

घ्या निसर्ग! बाप काचेवर डोकं आपटून राह्यला, "पप्पा चुकले बेटा, पप्पा गधा हाये…" हे ऐकलं तवा कुठी पोरीले पटलं. खटका वर ओढला. संघप्रिया पोहोचली, दोघायले सावलीत नेलं, डोक्यावर पाणी ओतलं, अन् रोशननं एकदाचं भोकाड पसरलं. तुमाले सांगतो, त्या दिवशी त्या जंगलात त्याच्याइतकं गोड कोणतं पाखरू बोललं नसन. कुलदीप तिथीच मातीत बसला, पोराले छातीशी धरून, अन् बायकोनं त्याच्या मिशीतली भाजी पदरानं पुसली. नुसती पुसत राह्यली.

आशाबाईनं फोन केला होता, तं मोटारसायकलीवर जंगलखात्याचा गार्ड आला. रस्त्यावर वाकला, मातीतले पंजे पाह्यले, पलीकडं बांबूपर्यंत जाऊन आला. अन् घाम पुसत म्हणते, "भाऊ, तो वाघ नाई, वाघीण होती. दोन पिल्लं हायेत तिचे. तिनं त्यायले त्या बांबूत बसवून ठेवलं होतं."

कुलदीपचा रंग उडाला. "म्हणजे… एवढा वेळ? मी डबा बडवून राह्यलो तवाबी?"

"हाव न. सारा वेळ तिथीच होते. जागेवरून हाललेबी नाई, अन् तोंडातून आवाजबी नाई काढला."

कुलदीपनं खालतं पाह्यलं. रोशननं तेवढ्यात एक चप्पल नाल्यात फेकली होती, अन् दुसरीचा पट्टा चावून राह्यला होता. दिव्यानी गाडीच्या टपावर चढून बसली होती. कुलदीपनं गार्डपुढं हात जोडले.

"भाऊ… काय सांगते हो ती त्यायले?"