पट्टी नसलेली पिवळी वायर

आधी नाव लिहा. कुसुम. आणि त्याच्यापुढं वडिलांचं नाव दगडू, ते पण लिहा, कारण बाजाची पेटी मला त्यांच्याकडून मिळाली आणि त्यांचं नाव कधी कुठं छापून आलं नाही. आमचं गाव लातूरकडचं. मी पाच वर्षांची असताना बाबा भोसरीला फिटर म्हणून लागले आणि आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि एक पेटी असे राहायला आलो. सहा म्हणजे आईबाबा, काका आणि आम्ही तीन भावंडं, मोजून सांगते, उगाच वाढवून नाही. पेटीला जागा लागायची म्हणून काका दारात झोपायचा. बाबांची गायन पार्टी होती, वस्तीतल्या नऊ जणांची, जयंतीला, लग्नाला, बारशाला बोलावणं यायचं, मी मागं कोरसला बसायचे. नोटेशन म्हणाल तर बाबांना सहीपुरतं लिहिता यायचं. कानानं घ्यायचं आणि बोटात ठेवायचं, असं ते म्हणायचे.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पिंपळे गुरवला आले. आमचे हे प्रेस शॉपला होते, पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या आवाजानं एका कानानं कमी ऐकू यायचं. माझी नणंद अजून म्हणते, वहिनी, दादा एका कानानं बहिरा म्हणून तुझा संसार टिकला. म्हणू दे. माझ्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगाला हे पहिल्या रांगेत चांगला कान स्टेजकडं करून बसले, ते कोण सांगणार.

बाविसाव्या वर्षी मी भोसरीतच वायर हार्नेसच्या शॉपला लागले. म्हणजे काय, तर गाडीच्या आत वायरींची जी जुडी असते ना, ती आम्ही बांधायचो. मोठा लाकडी बोर्ड, त्याच्यावर खिळे, खिळ्यांमधून रंगारंगाच्या वायरी फिरवायच्या आणि टेप मारायची. एका बोर्डाला आम्ही अकरा बाया. हात बांधलेले, पण तोंड मोकळं, मग गाणं येणारच. आणि काय सांगू तुम्हाला, मला चाल सुचायची ती बरोबर कामात, आणि घरी जाऊन पेटी उघडावी तर अर्धी विसरलेली असायची.

मग एकदा डोक्यात आलं की हे सगळे रंग आपल्या समोरच आहेत. तांबडी वायर म्हणजे सा, काळी रे, असं करत पिवळी म्हणजे नी. कोमल स्वर असला तर त्याच रंगाची, पण अंगावर पट्टी असलेली वायर. एक मात्रा म्हणजे एक इंच. वरचा सा असेल तर तुकड्याला गाठ. कटिंगचे तुकडे खाली पडायचेच, ते उचलून जेवणाच्या सुट्टीत टेपवर ओळीनं चिकटवायचे आणि गुंडाळी करायची, झालं गाणं. गेटवर तपासणाऱ्या बाईनं पहिल्या दिवशीच पिशवी उघडली, हे काय म्हणाली, मी म्हणलं गाणं आहे. ती म्हणाली, मग गाऊन दाखव, नाहीतर पास आण. मी गायले. तरी म्हणाली पास आण. सुपरवायझरनं हसत पास लिहून दिला, त्याच्यावर लिहिलं, निरुपयोगी तुकडे. माझं पहिलं गाणं कंपनीच्या गेटातून असं बाहेर पडलं.

त्या गाण्यांचं आम्ही नाटक केलं, नाव ठेवलं संगीत भोंगा. नाव ऐकून लोक हसले, बाया काय संगीत नाटक करतात, त्याला शालू लागतो, तानपुरा लागतो. मी म्हणलं, आमच्याकडं दहा मिनिटांचा चहा आहे आणि तीस मिनिटांची जेवणाची सुट्टी, त्याच्यात बसतं तेवढं संगीत आम्ही करतो. चौदा गाणी, सगळ्या चाली माझ्या, शब्द आमच्या बोर्डावरच्या लताबाईचे. आणि मिशी लावून सुपरवायझर पण मीच व्हायचे. पहिलंच गाणं गाजलं, भोंगा वाजला बाई, चूल मागं राहिली, दहा बोटांची दिंडी माझी गेटाआत गेली. राग विचाराल तर बाबा म्हणायचे, खमाजासारखं लागतंय.

त्याच गाण्यात चूक झाली, ती ऐका, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. त्या चालीत स्वर खाली उतरताना सगळीकडं कोमल नी आहे, म्हणजे पट्टीची पिवळी वायर. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत आले आणि त्या आठवड्यात पट्टीच्या पिवळीचा लॉट संपला. म्हणलं साधी पिवळी लावू, आपल्याला काय, लक्षात राहील. राहिलं नाही. गुंडाळीत दिसलं तसंच बायांना शिकवलं, शुद्ध नी. प्रयोगाला दोन दिवस राहिले तेव्हा बाबांनी ऐकलं. म्हणाले, पोरी, इथं पाय घसरतोय. पण अकरा गळ्यांत बसलेलं दोन दिवसांत कसं काढणार. पुढच्या प्रयोगाला दुरुस्त कर म्हणाले. मी हो म्हणलं. एकतीस प्रयोग झाले, भोसरी, कुरुळी, चाकण, दुरुस्त काही केलं नाही, आणि बाबा गेले.

दुसरी चूक मी जाणून केली. बाबा असतानाच एकदा स्पर्धेत उतरलो, तेव्हा परीक्षकांनी विचारलं, संगीत कोणाचं. माझं, म्हणलं. गुरू कोण. वडील. ते काय करतात. फिटर आहेत. परीक्षकांनी एकमेकांकडं बघितलं. निकालाच्या कागदावर आलं, संगीत पारंपरिक. लताबाई म्हणाली, जा की, भांड त्यांच्याशी. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले.

मग लेकरं झाली, शॉप बंद पडलं, चाकणकडं नवी नोकरी, नाटक थांबलं. गुंडाळ्या मात्र ठेवल्या. टेपचा डिंक वाळला तेव्हा तुकडे साडीच्या काठांवर टाके घालून बसवले, चौदाच्या चौदा.

यंदा माझ्या मुलीनं, पल्लवीनं, मोबाइलवर दाखवलं. चिंचवडच्या मोठ्या थिएटरात कामगारांची गाणी म्हणून कार्यक्रम, त्याच्यात आमचा भोंगा, आणि खाली लिहिलेलं, चाल पारंपरिक. पल्लवी म्हणाली, आई, सोड ना. मी म्हणलं, एकदा सोडलं होतं, तेव्हा तू जन्मली पण नव्हतीस.

फोन केला. दिग्दर्शक पोरगा सभ्य, काकू काकू करत होता. म्हणाला, काकू, आम्हाला हे एका जुन्या ढोलकीवाल्याकडून मिळालं, तो म्हणाला पूर्वीपासून चालत आलंय. तुमच्याकडे काही लेखी आहे का, नोटेशन वगैरे. रविवारी पुढचा शो आहे, पोस्टर छापायला जातंय. मी म्हणलं, आहे, घेऊन येते.

तालमीच्या हॉलमध्ये पिशवीतून साडीचा काठ काढला तर दोघंतिघं हसली. मी त्यांच्या गाणाऱ्या मुलीला म्हणलं, तू गा, मी वायरीवर बोट ठेवून येते. गोड गळा. दुसऱ्या अंतऱ्याला तिला थांबवलं. म्हणलं, आता उतरताना तू शुद्ध नी लावणार. ती म्हणाली, हो, शिकवलं तसं. त्यांचा पेटीवाला वयस्कर माणूस, तो म्हणाला, बाई, ती जागा मला पण खटकते, पण परंपरेत तशीच आहे म्हणून आम्ही हात लावला नाही.

मग मी काठ त्यांच्यापुढं पसरला. ही बघा पट्टीची पिवळी, इथं, इथं, आणि इथं. आणि ही दुसऱ्या अंतऱ्यातली, बिनपट्टीची. त्या आठवड्यात लॉट संपला होता म्हणून. आमच्या स्टोअरमधला लॉट संपलेला तुमच्या परंपरेला कसा कळला, एवढंच सांगा.

पेटीवाल्यानं तो काठ हातात घेतला आणि वाचून वाजवायला लागला, रंग विचारत विचारत, लहान मुलासारखा. दिग्दर्शक म्हणाला, काकू, असं लिहू या का, पारंपरिक चालीवर आधारित, संगीत कुसुमताई. मी म्हणलं, आधारित नको. ताई पण नको. संगीत, कुसुम दगडू. नाहीतर गाणं काढून टाका, माझं माझ्याकडं राहील.

पोस्टर तसं छापलं. हे बघा, भिंतीला लावलंय, ह्यांनी चार खिळे मारले, एक वाकडा गेलाय.

त्या दिवशी हॉलमधून निघताना दिग्दर्शकानं विचारलं, आता चूक कळलीच आहे, तर तो स्वर दुरुस्त करायचा का. मला बाबा आठवले. क्षणभर हो म्हणणार होते. पण त्या एका स्वरानंच तर मला ओळखलं, बाकी कोणी ओळखलं नाही. त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणलं, आहे तसंच गा बाळा, खूप वर्षं गा. फक्त तिथं कचरायचं नाही. चुकीचा आहे, पण सुरात लाव.