ठकूबाईच्या बरणीतला कोळी

मंडळी, ऐका! आज मोठं प्रमेय घेऊन उभा नाही. साधा प्रश्न आहे. घास देणारा मोठा, की घास घेणारा?

बघा, उत्तर तयार! "देणारा मोठा, महाराज!" पुढं पंगत देणारे यजमान बसलेत, त्यांची तर मान हलायची थांबेना! हलवा, हलवा. पुण्याचंच काम केलंय तुम्ही. पण मी आज घेणाऱ्याची बाजू मांडणार. आणि माझा घेणारा कोण? राजा नाही, ऋषी नाही, गाय नाही — कोळी! भिंतीवरचा! आठ पायांचा!

अहो ताई, आत्ताच पदर कशाला झटकताय? तो इथं नाही!

आमच्याकडं गोदाकाठी एक सखाहरी गायखे. पक्के माळकरी. वाटेत मुंगी दिसली तरी पाऊल आडवं टाकणारा माणूस! त्यांची बायको ठकूबाई. हाताला एवढी चव, की तिच्या हातची बाजरीची भाकरी खायला पावणे काम काढून यायचे. सगळ्या घराला वाढून झाल्यावर स्वतः जेवणार — असा खाक्या.

आणि मंडळी, ऐन उन्हाळ्यात त्या बाईच्या अंगावरून वारं गेलं! उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली. दवाखाना झाला, औषधं झाली. डॉक्टर म्हणाले, "हात हलायला हवा, बोलणंही येईल. पण त्यांनी मनावर घेतलं पाहिजे." रबरी चेंडू दिला दाबायला. तो चेंडू खाटेखाली गडगडत गेला, तो तिथंच राहिला. सून वनिता पोरगी गुणाची. सासूला भरवायची, पुसायची, वेणी घालायची. पण ठकूबाई तोंड भिंतीकडं करून पडायची. घास आला की तोंड उघडायचं, गिळायचं, पुन्हा भिंत! सखाहरी खाटेजवळ बसून नामस्मरण करायचे आणि मनात एकच — हिची भिंत कशी सुटावी देवा?

देवानं ऐकलं. पण देव काय शंख-चक्र घेऊन येतो का? आला भिंतीवरूनच!

घट बसायचे होते. घराची झाडझूड निघाली. भांडी बाहेर, गोधड्या नदीला, आणि वनिताच्या हातात काठीला बांधलेला झाडू. कोपऱ्यातली जाळी-जळमटं काढत काढत ती आली खाटेच्या भिंतीपाशी. तिथं बसला होता कोळी. जाळ्यातला नव्हे हं! हा दुसरा. नखाएवढा, केसाळ, करडा. हा शिकारीला जाळं लावतच नाही. चालतो, थांबतो, अख्खा वळून तुमच्याकडं टकाटका बघतो — आणि टुणकन उडी! वनितानं झाडू उगारला, आणि खाटेवरून आवाज आला—

"नगं!"

वनिताच्या हातातला झाडू खाली. सखाहरी अंगणातून धावत आत! "कोण बोललं गं?" कोण बोलणार? ठकूबाई! इतक्या महिन्यांनी पहिला शब्द! आणि तिची नजर त्या कोळ्यावर. आता उमगलं — ही भिंतीकडं तोंड करून नुसती पडत नव्हती. या दोघांची रोज बघाबघी चालली होती!

पण दुसऱ्या दिवशी भिंतीला चुना लागणार होता. मग सखाहरींनी काय केलं? कोळ्यावर हळूच पेला पालथा घातला, खालून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकवला, आणि पावण्याला घातला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. बरणी आधी घासून, उन्हात वाळवून. झाकणाला दाभणानं भोकं. आत तुरीची काडी चढायला. ओल्या कापसाचा बोळा, पाणी प्यायला. झाला राजवाडा! हल्ली लोक कुत्री पाळतात, मंडळी. त्यांचा साबण वेगळा, बिस्किटं वेगळी, गादी आपल्यापेक्षा मऊ! आणि हा कोळोबा? दमडीचा खर्च नाही, भुंकणं नाही, फिरवायला न्यायचं नाही. मृदंगबुवा, तुम्हाला परवडेल असा आहे!

पण खायला काय घालायचं? माळकऱ्याचं घर! सखाहरींनी दुधाचा थेंब ठेवला. कोळोबा बघेना. साखर ठेवली — मुंग्या आल्या! एकादशीला तर कहर केला. बरणीत साबुदाण्याची खिचडी, वरून दाण्याचं कूट! कोळी कोपऱ्यात, खिचडी मध्ये, आणि बाहेर सखाहरी हात जोडून — "घे बाबा, उपासाचं आहे!"

हसताय! पण त्यांच्या जिवाची कालवाकालव तर बघा. कोळ्याचं पोट दिवसेंदिवस आक्रसत चाललं. उडी थांबली. आणि तिकडं ठकूबाईनं घास नाकारायला सुरुवात केली! तो खात नाही, तर मी कशी खाऊ?

वनिता म्हणाली, "मामंजी, त्याला माशी लागते. जिती."

"अगं, गळ्यात माळ घालून मी माशी धरू? त्याच्या तोंडात देऊ?"

"मग मी देते."

"नगं." खाटेवरून पुन्हा आवाज! ठकूबाईनं डाव्या हातानं छाती ठोकली. "मी. माज्या... गळ्यात... माळ न्हाई."

मंडळी, पाप झालं का हो? सांगा ना! ज्यानं त्याला पोट दिलं, त्यानंच त्याचा घास ठरवला. आपण मध्येच खिचडी घेऊन उभं राहू नये!

आता माशी बरणीत घालायची म्हणजे एका हाताचं काम नाही. आत गुळाचा खडा ठेवायचा, बरणी मांडीवर आडवी धरायची, आणि माशी आत शिरली की झाकण लावायचं — चट्‌दिशी! डाव्या हातानं बरणी धरली. झाकण कुणी लावायचं? उजव्यानं! जो हात चेंडूला बोट लावत नव्हता, त्यानं! पहिल्या दिवशी माशी आली, बसली, मिशा पुसल्या, निघून गेली. हात अजून गुडघ्यावरच. दुसऱ्या दिवशी झाकण पडलं. मग बरणीच गडगडली. सखाहरी उचलायला धावले, तर बाईनं असे डोळे वटारले, की माळकरी जागच्या जागी उभा!

आणि एका सकाळी माशी आत गेली. तो हात उठला. थरथरत, वाकडातिकडा, पण उठला! झाकण बसलं! कोळोबानं पाहिलं... दबकला... पायापायानं सरकला... आणि झेप!

ठकूबाई हसली. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, तरी खळखळून हसली. सखाहरी दाराआड जाऊन लहान पोरासारखे रडले. म्हणा — विठ्ठल! विठ्ठल!

मग काय, रोजचा नेमच. कोळोबा आधी, ठकूबाई नंतर. पुढं कोळ्यानं वरच्या कोपऱ्यात रेशमाची पांढरी पिशवी विणली आणि आत जाऊन बसला. खाणं बंद! सखाहरी घाबरले, काडी घेऊन पिशवी उसवायला निघाले. ठकूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. यील." आणि आला! जुनी कात आत टाकून, नवा, मोठा, चकचकीत! तोवर ठकूबाई काठी धरून उंबऱ्यापर्यंत जायला लागली होती.

थंडी ओसरली. कोळोबा दिवसभर उजेडाच्या बाजूला काचेला पाय लावून उभा. ठकूबाई म्हणाली, "आता ह्याला सोडू."

सखाहरी बरणीच्या आड येऊन उभे राहिले. माळ हातात धरली आणि बोलले — "ठकू, ऱ्हाऊ दे गं त्याला. तो गेला आन् तू परत भिंतीकडं तोंड केलंस, तर मी कुणाकडं बघू?"

ऐकलंत? सगळ्या दुनियेचा विठोबा ज्याच्या गळ्यात, तो म्हणतोय — मी कुणाकडं बघू!

ठकूबाई उठली. एका हातात काठी, दुसऱ्या — उजव्या! — हातात बरणी. निघाली. अंगणातल्या जास्वंदीपाशी पोचली. झाकण काढलं. कोळी बाहेर आला, बरणीच्या काठावर थांबला. वळून बघितलं. टुणकन तिच्या मनगटावर! क्षणभर तिथं बसला, आणि मग पानावर. पानामागं गेला. दिसेना.

तिनं बरणी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. उजवा थोडा खालीच राहिला, पण जोडले.

सखाहरी म्हणाले, "अगं, हात कुणाला जोडलेस?"

ती म्हणाली, "त्यालाच. अवो, तुमी समद्यांनी मला भरवलं. लई केलंत. पर मी पडल्यापास्नं माज्या हातचं खाल्लं कुणी? त्यानं एकट्यानं."

मंडळी...

आता उत्तर द्या. देणारा मोठा की घेणारा? कुणी मान हलवत नाही!

तुमच्या घरात एक म्हातारी आहे. ती म्हणते, "आण गं, मेथी मी निवडते." तुम्ही म्हणता, "राहू दे आई, तुम्ही बसा." प्रेमानं म्हणता, मला ठाऊक आहे. म्हातारा म्हणतो, "पिशवी दे, दूध मी आणतो." तुम्ही म्हणता, "कशाला, पडाल कुठंतरी!" माया करता करता त्यांच्या हातातलं सगळं काढून घेतलंत, आणि वर विचारता, आई हल्ली बोलत का नाही?

उद्या सकाळी घरी जा. मेथीची जुडी तिच्यापुढं ठेवा. काड्या राहतील, माती राहील, वेळ लागेल. लागू द्या! भाजी झाली की तिच्यासमोर बसा, पोटभर खा, आणि तिला सांगा — आई, आज तुझ्या हातचं जेवलो.

पांडुरंगा, आमच्या हातचं घेतोस, हे तुझेच उपकार. हात जोडा, मायबाप. जसे जोडता येतील, तसे जोडा.