मुखरूभाऊंच्या जहाजाचं तिकीट

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या वनपरिक्षेत्र अधिकारी आदरणीय मंजुषाताई पेंदाम. व्यासपीठावर बसलेले वन समितीचे अध्यक्ष सुकलूभाऊ आत्राम. आजचे सत्कारमूर्ती, बत्तीस वर्षं जंगल राखून उद्या अंगावरचा गणवेश उतरवणारे माझे मित्र वनपाल मुखरूभाऊ कुळमेथे आणि गळ्यातला हार काढू की ठेवू या विचारात पडलेल्या सौ. रुखमाबाई, समोरचे वनरक्षक, वनमजूर, निवृत्त सहकारी, भगिनींनो आणि तिसऱ्या रांगेत पंख्याखालची जागा पकडून बसलेली माझी पत्नी ललिता... तुम्हां सर्वांना जोहार.

मी भोयर. दोन वर्षांपूर्वी याच गोंडपिपरीच्या सभागृहात, याच खुर्चीवर बसून माझ्या निवृत्तीला मी असाच हार घालून घेतला होता. त्या दिवशी लोक माझ्याबद्दल जे बोलले, त्यातलं निम्मं मला तोवर ठाऊकच नव्हतं. निरोपाच्या भाषणात माणूस फार चांगला होतो. मुखरूभाऊ, आज तुमची पाळी आहे, सोसून घ्या.

आता मूळ विषय. परिक्षेत्रातल्या सगळ्यांनी मिळून मुखरूभाऊंना एक भेट द्यायची ठरवली आहे. भिंतीवरचं घड्याळ नाही, शाल नाही. दोघांचं जहाजाचं तिकीट. मुंबईहून निघायचं, गोवा, पुढं लक्षद्वीप आणि पाचव्या दिवशी परत मुंबई. अकरा मजल्यांचं जहाज. ही बातमी गुपित ठेवायची होती, म्हणजे अर्थातच आठ दिवसांपूर्वीच फुटली. रुखमाबाईंनी आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली वैनगंगा. ऐकलं तसं त्यांनी नातीच्या मोबाइलवर जहाजाचं चित्र लावून घेतलं. आणि मुखरूभाऊंनी परवा सांगून टाकलं, "मी जात नाई."

म्हणून आपली वनरक्षक दीपिका माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, आख्ख्या परिक्षेत्रात जहाजात बसलेले तुमी एकटेच. करावं की नाई समुद्रपर्यटन, यावर धा मिनिटं बोला. मुखरूभाऊ तुमचंच ऐकतीन." मी तीन पानं लिहून आणली आहेत. ही पाहा. खाडाखोड फार आहे, पण वाचता येतात.

पहिल्या पानावर फायदे आहेत. जहाजावर चालावं लागत नाही. पायाखाली गालिचा, वर जायला लिफ्ट. जेवायला चाळीस पदार्थ मांडलेले, आणि एकही बाई चुलीपुढं वाकलेली दिसत नाही. मागच्या वर्षी आम्ही अशाच जहाजानं गेलो, तेव्हा आमच्या ललितानं जवसाची चटणी डब्यात भरून घेतली होती, ती चढतानाच ठेवून घेतली. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. चढल्याबरोबर भोंगा वाजला, सगळ्यांना एका जागी गोळा केलं आणि बुडायची वेळ आली तर केशरी जाकीट कसं घालायचं ते शिकवलं. लोक हसत फोटो काढत होते. मी मात्र जिने मोजले, पाण्याचे नळ कुठं आहेत ते पाहून ठेवलं. वणव्यात निम्मी हयात गेलेला माणूस, दुसरं काय करणार?

मग आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. चारी बाजूंनी पाणी. ललिता कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अजी, एक झाड नाई इथी. मानसानं पाहावं तरी कुठी?" पण तिला ते आवडलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. सकाळी खुर्ची ओढून कठड्याशी बसायची ती जेवायलाच उठायची. तेव्हा कुणी मला विचारलं असतं, भोयर, असं पर्यटन करावं का, तर मी म्हटलं असतं, अवश्य करावं.

दुसऱ्या पानावर तोटे आहेत. ते मी वाचत नाही. कागद खिशात ठेवतो. ताई, दहा मिनिटांच्या पुढं गेलो तर आपण सांभाळून घ्या.

मुखरूभाऊ का जात नाहीत? त्यांचे वडील, नानाजी, अंथरुणाला खिळलेले आहेत. सूनबाई सगळं पाहते, काही कमी नाही. पण मागच्या रविवारी मुखरूभाऊ माझ्या घरी आले, ओसरीत बसले आणि एकच गोष्ट विचारली.

"भोयरभाऊ, जहाजावर फोन लागते का जी? नानाजीचं काई झालं त मले समजाले पायजे."

तेव्हा ललिता चहा घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "नाई लागत. समुद्रात कुठून लागन?"

"मंग रायलं," असं म्हणून त्यांनी चहा पिला आणि निघून गेले. रुखमाबाईंच्या जहाजाचं तिथंच पाणी झालं. माझ्या एका वाक्यानं.

हा माणूस कोण आहे, हे नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्या वेळी आत जंगलात मोबाइल चालत नव्हते आणि वायरलेस फक्त रेंज ऑफिसात. गस्तीवर गेलेल्या माणसाचा आठ-आठ दिवस पत्ता नसे. म्हणून आमच्या कॅम्पची एक रीत होती. जंगलात शिरणाऱ्यानं प्रत्येक फाट्यावर टेंभुर्णीची एक डहाळी मोडून ठेवायची, शेंडा आपण गेलो त्या वाटेकडं करून. मागून कुणाला निरोप घेऊन यायचं झालं तर त्यानं डहाळ्या पाहत यावं. एकोणीस वर्षांपूर्वी मी असाच बांबूच्या कटाईवर आत होतो. इकडं माझे वडील शेवटच्या घटका मोजत होते. मुखरूभाऊ दीड दिवस डहाळ्या पाहत चालत आले. तिसऱ्या नाल्याशी मला गाठलं आणि श्वास घेण्याआधी म्हणाले, "भाऊ, घरी चाल. बाबा बोलवून राह्यले." मी पोचलो. वडिलांनी माझा हात धरला, माझ्या हातचं पाणी त्यांच्या तोंडात गेलं. हे ऋण नाही हो, याला मराठीत शब्द नाही. अशा माणसाला मी रविवारी खोटं सांगितलं.

भर समुद्रात आपला साधा फोन लागत नाही, हे खरं आहे. पण जहाजावर पैसे भरले की इंटरनेट मिळतं, त्यावरून बोलता येतं. आणि गोव्याला जहाज दिवसभर धक्क्याला उभं असतं. तिथं फोन लागतो. घरी लागतो तसाच, स्वच्छ लागतो.

ललिता, आता तू ऐक. तुला हे घरी सांगायला हवं होतं. वर्षभर रोज सकाळी ठरवलं आणि रोज सांगितलं नाही. आज नाही सांगितलं तर रुखमाबाई माझ्या खोटेपणापायी घरी बसतील, म्हणून इथं सांगतो आहे.

जंगल खात्यातल्या माणसाची सवय तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. सुट्टी लागली की पहिलं काम, फोन बंद. चालू ठेवला की रेंज ऑफिसचा फोन आलाच समजा. कुठं वणवा, कुठं वाघानं माणूस मारला आणि गाव जमलं. निवृत्तीनंतरही मला बोलावणी यायची, भोयरभाऊ, तुमचं गावात ऐकतात, तुम्ही या. माझा बंद लागला की ललिताच्या फोनवर. म्हणून मुंबईला जहाजात पाय ठेवतानाच मी दोन्ही फोन बंद केले आणि बॅगेत तळाशी घातले. इथवर सवय म्हणा, चूक म्हणा.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्या सासूबाईंना, चिमूरला, ताप होता. ललिताचं मन निघायला तयार नव्हतं. तिचा भाऊ लोकेश म्हणाला, "साधा ताप आहे बाई, तू जाय." म्हणून ती आली.

दुसऱ्या दिवशी गोव्याला जहाज लागलं. आमच्या आजूबाजूचे सगळे कठड्याशी उभे राहून फोनवर बोलत होते. कुणी नातवाला समुद्र दाखवत होतं. ललिता म्हणाली, "अजी, आईले एक फोन लावून पाहू का?"

मी म्हणालो, "त्यायचं कार्ड वेगळं आहे. आपला इथी लागत नाई."

काऊन म्हणालो असं? रेंज ऑफिसच्या भीतीनं नाही. आता खोटं बोलायला जागाच उरलेली नाही, तर खरं सांगतो. मला भीती होती की आईचा आवाज ऐकला की ही म्हणेल, घरी चला. मला घरी जायचं नव्हतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला शोधत नव्हतं. कुठं आग नाही, कुठं पंचनामा नाही. मला आणखी तीन दिवस तसंच बसायचं होतं. एवढंच. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी तिला फसवलं.

तिनं लगेच विश्वास ठेवला. "बरं," म्हणाली आणि परत खुर्चीवर जाऊन बसली.

त्या दिवशी सासूबाई बोलत होत्या. हे मला चिमूरला पोचल्यावर लोकेशनं सांगितलं. दुपारपासून तीनदा विचारलं, "लली आली का?" तो आमच्या दोन्ही नंबरांवर फोन लावून लावून थकला. त्या दुपारी तो फोन लागला असता, तर आम्ही गोव्यालाच उतरलो असतो. विमानानं नागपूर, तिथून गाडीनं चिमूर. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ललिता आईजवळ असती. सासूबाई त्याच तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेल्या. मी हा हिशोब वर्षभर करतो आहे, तो दरवेळी तसाच येतो.

लोकांनी अंत्यविधीसाठी एक रात्र आमची वाट पाहिली. मग किती पाहणार? आईच्या तोंडात शेवटचं पाणी लेकीनं घालायचं, ते शेजारच्या बाईनं घातलं. आम्ही त्या वेळी लक्षद्वीपचं निळं पाणी पाहत होतो, आणि ललिता मला म्हणाली होती, पुढच्या खेपेला आईला आणू. पाचव्या दिवशी मुंबईला बंदरावर मी फोन चालू केले. ती टॅक्सीत बसेपर्यंत मी तिच्या हातात फोन दिला नाही.

लोकेश तेव्हापासून आमच्याशी बोलत नाही. आणि ही, माझी बायको, तेराव्याला सगळ्या नात्यागोत्यासमोर त्याच्याशी भांडली. म्हणाली, "यायचा काई दोष नाई. समुद्रात फोनच लागत नाई, त काय करतीन?" जो भेटेल त्याला ती हेच सांगते. सख्ख्या भावाला तोडलं तिनं, माझं खोटं खरं मानून. रविवारी मुखरूभाऊंना मी 'नाई लागत' म्हणालो, तेव्हा हिनं मागून मान हलवली. साक्ष दिली.

निकेश, तुझ्या साउंडच्या पेटीवर ते टाळ्यांचं संगीत लावायचं बटण आहे ना, त्याला आज हात लावू नको.

तर विषय होता, समुद्रपर्यटन करावं की करू नये. करावं. मुखरूभाऊ, तुम्ही जावं. रुखमाबाईंना घेऊन जावं. जहाजाचं नाव, तुमच्या खोलीचा नंबर आणि जहाजाच्या कचेरीचा फोन नंबर सूनबाईजवळ लिहून ठेवावा. फोन चालू ठेवावा, गोव्याला उतरल्याबरोबर नानाजींशी बोलावं. ते म्हणाले परत ये, तर लक्षद्वीप सोडून द्यावं. समुद्र कुठं जात नाही. जहाज वाईट नसतं हो. तिथं जाताना आपण काय मागं ठेवून जातो आणि कुणाचं तोंड बंद करून जातो, ते वाईट असू शकतं. मला विचाराल तर मी पुन्हा जाणार नाही. कुणी फुकट नेलं तरी नाही. पण माझं सोडा, तो जहाजाचा दोष नाही.

ललिता उठली आहे. दीपिका, तिला अडवू नको. पाणीही देऊ नको आत्ता. जाऊ दे तिला.

मंजुषाताईंनी मला बोलू दिलं, माइक काढून घेतला नाही, त्यांचे आभार. सुकलूभाऊंचे, आयोजकांचे आभार. मुखरूभाऊ, तुमच्या निरोपाच्या दिवशी मी माझंच रडगाणं गायलं, तुमच्याबद्दल तिसऱ्या पानावर बरंच चांगलं लिहिलं होतं, ते तुम्हाला घरी आणून देतो. बोलण्यात, मानपानात कुठं कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनानं पोटात घालावं.

दुसऱ्या गोष्टीची माफी मात्र मी इथं मागत नाही. चार लोकांसमोर मागितली की समोरच्याला ती द्यावीच लागते, आणि हिनं तर आयुष्यभर चार लोकांसमोर माझी बाजूच घेतली. उद्या पहिल्या एसटीनं चिमूरला जातो. आधी लोकेशला सांगतो, की त्याच्या बहिणीला काही ठाऊक नव्हतं. तो जे काय बोलेल ते ऐकून घेतो. मग घरी येतो.

दार तिनं उघडलं, तर मागीन.

जोहार.