सातवा हात

...नाही, तुम्हीच सांगा, लग्नात नवरा बायकोला काय देतो? अंगठी देतो, हार देतो. आणि आमच्या ओटमारनं काय द्यावं? होडीचं वचन! म्हणाला, "रोस्वी, माझ्या हातानं बांधीन, तुला बसवून बोडेनसे सरोवराच्या ऐन मध्यावर नेईन, वल्ही वर घेऊ, आणि धुक्यात नुसतं तरंगत राहू..." भाळले हो मी! तेव्हा तो पाणचक्क्यांच्या कारखान्यात साधा इंजिनियर होता, बोटांना ग्रीसचा वास, पण पाण्याबद्दल बोलायला लागला की ऐकतच राहावं. गॅरेजमध्ये होडीचा सांगाडा उभा राहिला, फासळ्या बसल्या, आणि तेवढ्यात विद्यापीठातून बोलावणं... प्राध्यापक व्हा! हा मला म्हणतो कसा, "एवढं एक होऊ दे, रोस्वी!"

मी म्हटलं, होऊ दे बाबा.

पण तुम्हाला सांगते, आमच्याकडे माणूस शहाणा आहे असा नुसता संशय आला ना, की लोक त्याला खुर्चीत कोंबल्याशिवाय सोडत नाहीत! आधी विभागप्रमुख, मग थेट कुलगुरू. गळ्यात ती समारंभाची साखळी, डोंगरातल्या गाईच्या घंटेएवढी जड! आणि आमचा खाटीक? कालपर्यंत "काय रोस्विता, सॉसेज टाकू का पिशवीत?" म्हणणारा, तो एकदम कमरेत वाकून, नवऱ्याची पदवी मलाच चिकटवून, "फ्राउ प्रोफेसर, आपल्यासाठी जऽऽरा पातळ कापू का?" अरे मेल्या, डुक्कर तेच ना? आणि होडी? "एवढं एक अधिवेशन होऊ दे, रोस्वी!"

मग मी काय करायची, सांगू? दुपारी कॉफी आणि प्लमच्या केकचा तुकडा घेऊन गॅरेजमध्ये जायची आणि त्या अर्धवट होडीत बसायची. डोळे मिटायची. हसू नका! खोटं वाटेल तुम्हाला, पण भिंती हळूहळू विरघळायच्या... खाली पाणी चुबूक चुबूक करायचं, पलीकडच्या काठावरून चर्चची घंटा यायची, लांब आल्प्सचे डोंगर पांढरी दुलई पांघरून डुलक्या काढतायत, आणि मी तरंगतेय... तरंगतेय... "आई, गाडी आत लावायचीय, पाय घे!" आमची लेक! झाली सफर.

मग पक्षाचे लोक आले. त्यांचा तो गलेलठ्ठ त्स्वीझेले, माझा अख्खा केक फस्त करून म्हणतो, "हेर प्रोफेसर, राज्याला इंजिनियर मंत्री हवाय हो!" ओटमारनं माझ्याकडे बघितलं. "रोस्वी, एवढं एक..." "होऊ दे!" म्हटलं, निदान वाक्याचा वेळ तरी वाचू दे. झाला मंत्री! भाषणं काय ठोकायचा, म्हणे राज्याची नौका पैलतीराला लावू! अरे, आधी गॅरेजातली लाव की!

शेवटी निवडणूक हरला. घरात सुतक. आणि मी? स्वयंपाकघराचं दार लावून नाचले! थोडे दिवस तो खिडकीशी बसून राहिला, मग एक दिवस गॅरेजमधून रंध्याचा आवाज आला, आणि मला रडूच फुटलं.

गेल्या मे महिन्यात होडी पाण्यात उतरली. खरी हो, ओल्या पाण्यात! ऐन मध्यावर त्यानं वल्ही वर घेतली. धुकं असं, की आकाश कुठं संपतं नि पाणी कुठं सुरू होतं, काही कळेना... भाषणं ठोकणारा माझा नवरा गप्प बसलेला, आणि त्याचा हात माझ्या हातात. वाटलं, देवा, इथंच राहू दे आता. हा माणूस मला मिळाला!

...परत काठाला आलो, तर धक्क्यावर पाच होडीवाले उभे! नगरपालिका म्हणे जुना धक्का पाडणार. आता आमच्याकडे चार माणसं जमली की भांडत नाहीत, संस्था काढतात! पण नोंदणीला सात डोकी लागतात. पाच ते, सहावा ओटमार. त्या पाचांतली मासळीवाली हेबर्ले म्हणते, "आता अध्यक्ष दुसरा कशाला शोधायचा गं बाई? हेर मिनिस्टर आयते गावलेत!" मग सगळे वळले माझ्याकडे. सातवी मी! संस्थेसाठी बाकी सगळ्यांचे हात वर; माझा खाली ठेवला तर नवरा माझा. वर केला, तर गेला परत बैठकांत. ओटमार नुसता बघत राहिला, मिठाईच्या दुकानाबाहेरच्या पोरासारखा... मग हळूच, "एवढं एक..."

गेला हो हात वर!

टाळ्याबिळ्या झाल्या. आणि नवे अध्यक्ष काय करतात? गुडघ्यावर बसून धक्क्याचे खांब ठोकून बघतात! मेला इंजिनियर जागा झाला! "कुजलेत! ठराव पहिला. धक्का पक्का होईपर्यंत इथून एकही होडी पाण्यात उतरणार नाही. कोणाकोणाला मंजूर?"

पटापट हात वर. आणि माझा? अहो, तो मघापासून वरच होता, खाली घ्यायचा राहूनच गेला!