शेळीचं तिकीट

मंठ्याहून जालन्याला निघालेल्या बसमध्ये उषाबाईंच्या मागच्या बाकावर कॉलेजच्या दोन पोरी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मोनाली, शेळीला हात लावला की आपला गेमच बंद पडून राह्यला!"

"सेव्ह होताना पेनड्राइव्ह तूच ओढल्ता, शालू."

"नंतर भांड. घंट्याभरात गेमची स्पर्धा हाय!"

"ही शेळी खराब झाली. काढ तिला, कालच्या कॉपीतली आण."

"मंग कोल्हा कुणाच्या मागं पळंन?"

"नवीला नाव तेच दे. बराबर तिच्याच मागं पळंन."

उषाबाई कान देऊन ऐकत होत्या. शालूनं नवी शेळी आणली अन् तिला हात लावला.

"बेंऽऽऽ!" लॅपटॉपमधून आवाज आला.

अख्खी बस मागं वळली.

"शेळी कुणाची हाय?" कंडक्टर ओरडला. "तिकीट काढा तिचं!"

"मी काढते," उषाबाई म्हणाल्या. "बक्षीस आणाया चाल्ली ती."