टाकीच्या तोंडाशी उभा माणूस

काकू, राऊळकाकांचे कंपनीतले सोबती, वाचनालयातली सगळी मंडळी,

परवा माझ्या आईने मला एक प्रश्न विचारला. "इतकी वर्सं आपल्या घरी येऊन चहा पीत होता, तो मानूस कोन होता गं?" तो प्रश्न घेऊनच मी आज काकांच्या शोकसभेला आले आहे. म्हणून इथे उभं राहून बोलणं जड जातंय. तरी बोलते.

तुमच्यासाठी ते दत्ता राऊळ. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर, आणि दिवाळी अंकांत ग्रह, अंतराळयानं, अदृश्य नगरं यांच्या कथा लिहिणारे लेखक. माझ्यासाठी काका.

माझे वडील, बबन, त्याच कंपनीत फिटर होते. मी सातवीत असताना ते एका टाकीत दुरुस्तीला उतरले आणि आतल्या वायूने गेले. आमचा पाडा सोनिवलीच्या पुढे. महिन्याभराने काका तिथे आले. ओट्यावर बसले. आईने दिलेला चहा प्यायले. मग म्हणाले, "वहिनी, मी गोष्टी लिहितो. बबनचं नाव एका गोष्टीत घेऊ का?"

आई म्हणाली, "घ्या. पन त्याला मारू नका."

तेव्हापासून माझे वडील अंतराळात आहेत. तुम्ही वाचलंय त्यांना. फुटके पाइप जोडणारा, बंद पडलेले सूर्य दुरुस्त करणारा बबन फिटर. यान कितीही दूर जावो, कप्तान हाक मारतो, "बबन!" आणि कुठून तरी आवाज येतो, "ओ!"

आईला वाचता येत नाही. दर दिवाळीला मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा ती म्हणाली, "तिथं त्याला जेवन कोन देतं?" मी काकांना सांगितलं. पुढच्या वर्षी यानात चूल आली, तांदळाची भाकरी आली, सुकटीची चटणी आली. आई इतकी हसली, की तिला ठसका लागला.

बारावीनंतर मी उल्हासनगरला टायपिंगच्या दुकानात लागले. कॉलेज सकाळी, दुकान दुपारी. काका कंपनीच्या जुन्या लॉगशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे आणि ते गठ्ठे माझ्याकडे आणायचे. आमचे सिंधी सेठ चिडवायचे, "बेटी, तेरा काका तो रॉकेट में भी ओव्हरटाइम कराता है!" काका म्हणायचे, "सेठ, तिथे सुट्टी मागायला ऑफिसच नाही."

एका कथेच्या शेवटी काकांनी बबनला बंद दाराच्या आत ठेवलं होतं. मला ते सहन झालं नाही. मी टाईप केलं, 'दार उघडलं.' तसंच छापून आलं. अंक घेऊन काका दुकानात आले. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "बाई, तू माझ्या माणसाला बाहेर काढलंस. आता त्याला पुढे जगवणं माझ्यावर आलं." ते रागावले नव्हते. पण चहा न घेताच निघून गेले. का, ते तेव्हा कळलं नाही.

मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. निकालाच्या दिवशी सगळ्यात आधी काकांना फोन केला होता. हेही सांगायलाच हवं.

दवाखान्यात त्यांनी मला शेवटचा गठ्ठा दिला. म्हणाले, "या वेळी जसं आहे तसंच टाईप कर. दाराला हात लावू नकोस." चार दिवसांनी ते गेले.

त्या कथेत यान आहे, यानात टाकी आहे. बबन आत उतरतो. कंपनीतल्या लोकांना मी सांगायला नको. माणूस आत असला, की टाकीच्या तोंडाशी दुसरा उभा राहतो. बाहेरच्याने हाक मारायची, आतल्याने ओ द्यायची. बाहेरच्याने जागेवरून हलायचं नाही. कथेत तो बाहेरचा माणूस हलतो. कुणीतरी सहीसाठी बोलावतं, आणि तो जातो. थोडाच वेळ. परत येऊन हाक मारतो, "बबन!" ओ येत नाही.

त्या माणसाचं नाव दत्ता राऊळ आहे.

इतक्या कथांत त्यांनी स्वतःचं नाव कधी घातलं नव्हतं. कंपनीच्या कागदोपत्री तर माझे वडील गेले त्या दिवशी टाकीच्या तोंडाशी माणूस पूर्ण वेळ होता. तुमच्यापैकी कुणाला माहीत होतं का? मी विचारत नाही.

मी ते पान घेऊन हेंद्रेपाड्याला काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, नाव बदलू का? कुणाला कळणार नाही." काकूंनी पान वाचलंही नाही. म्हणाल्या, "मला ठाऊक आहे गं. दुपारी डोळा लागला तरी 'बबन, बबन' करायचे. तू नाव खोडलंस, तर ते इतकी वर्षं लिहीत होते कशाला?" आज हे इथे बोलायची परवानगीही त्यांनीच दिली.

मग आईला वाचून दाखवलं. 'तो जागेवरून हलला' इथे मी थांबले. आई म्हणाली, "वाच." मी वाचलं. मग तिने तो सुरुवातीला सांगितलेला प्रश्न विचारला, आणि उठून तांदूळ निवडायला बसली.

मला राग आहे. ते गेले तेव्हा मी रडलेही. दोन्ही खरं आहे. मी त्यांना माफ केलं, असं म्हणणार नाही. तो हक्क आईचा. ती आज आली आहे. मागच्या रांगेत, दाराजवळ बसली आहे. ती का आली, ते मी तिला विचारलेलं नाही.

माझ्या वडिलांसाठी अशी सभा झाली नव्हती. म्हणून आज दोन मिनिटं शांत उभं राहताना एक मिनिट काकांना द्या, आणि एक बबन फिटरला.

उभं राहण्याआधी एवढंच सांगते. कथा मी काल दुपारी संपादकांना पाठवली. नाव तसंच ठेवलं आहे.